शब्दांची उलटतपासणी

सन १८२० च्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. लंडनच्या उमरावसभेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. चौथा जॉर्ज नुकताच गादीवर आला होता आणि आपल्या लग्नाच्या राणीशी, कॅरोलाईनशी, त्याला कायमची फारकत हवी होती. राणी काही वर्षे इटलीत राहिली होती. तेथे पेर्गामी नावाच्या आपल्या कारभाऱ्याशी तिने नको तो संबंध ठेवला, असा ठपका ठेवून तिचे राणीपद काढून घेणारे विधेयक सभेपुढे आले होते. विधेयक म्हणायचे एवढेच. चालला होता तो खटलाच. पुरावा सारा इटलीतला आणि साक्षीदार म्हणजे तिथले नोकरचाकर. लंडनचे लोक राणीच्या बाजूचे. डोव्हरच्या बंदरात उतरताच या साक्षीदारांना जमावाने चांगला प्रसाद दिला होता. म्हणून सरकारने पार्लमेंटजवळच पहाऱ्यात त्यांची सोय लावली होती.

पहिला साक्षीदार पुकारला गेला, तेओदोरो मायोक्की. राणीच्या पदरी राहिलेला नोकर. तो आत आला मात्र, राणी ताडकन उठली, एक आरोळी तिच्या तोंडून निघाली आणि ती दालनाबाहेर चालती झाली. ती काय ओरडली? कोणी म्हणतात, 'तेओदोरो!' म्हणजे नुसते त्याचे नाव. कोणी म्हणतात, 'त्रादितोरे!' म्हणजे 'विश्वासघातक्या!' दोन्ही शब्द इटालियन, कानाला जवळजवळ सारखे. पण पहिल्याचा अर्थ लावावा तर राणी दचकली असे होते, दुसऱ्याचा लावावा तर तिचे मन दुखावले असे होते. हा वाद अजून मिटलेला नाही. एका अक्षराने माणसाचे काय होते हे आम्हां मराठी माणसांना कोणी शिकवायला नको. 'ध' चा 'मा' झाल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

मी शाळामास्तर माणूस. मॅट्रिकच्या पुढे शिक्षण झाले नाही, आणि कोर्टाची पायरी चढण्याचा योगही देवदयेने आला नाही. पण वर्गात वर्षानुवर्षे मी एक उद्योग करीत आलो आहे. फळ्याच्या मधोमध खडूने उभी रेघ ओढायची. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. एकासमोर एक. मुले ती यादी पाठ करतात, परीक्षेत गुण मिळवतात, आणि जगातल्या प्रत्येक शब्दासमोर दुसऱ्या भाषेत एक शब्द हात जोडून उभाच असतो असा त्यांचा समज होऊन बसतो. हा समज किती महागात पडू शकतो, हे पाहायचे तर इटालियन न्यायालयाची भाषा इंग्रजीत आणताना काय काय झाले, त्याचा इतिहास पाहावा.

मायोक्कीकडेच पुन्हा वळू. दुभाषी म्हणून स्पिनेतो नावाचा एक इटालियन मार्क्विस उभा होता. सरकारपक्षाच्या वकिलांनी विचारले तोवर मायोक्की पोपटासारखा बोलला. मग राणीचा वकील हेन्री ब्रूम उलटतपासणीला उठला, आणि साक्षीदाराच्या तोंडी एकच पालुपद सुरू झाले, 'नोन मी रिकोर्दो'. म्हणजे 'मला आठवत नाही'. अमुक खोली कोठे होती? नोन मी रिकोर्दो. तेथे आणखी कोण निजत असे? नोन मी रिकोर्दो. हे तीन शब्द इतके गाजले की लंडनच्या गल्लीबोळांतली पोरेसुद्धा ते म्हणू लागली, आणि विल्यम होन नावाच्या प्रकाशकाने याच नावाचे एक विडंबन छापले. इंग्रजांनी एकच निष्कर्ष काढला, हा पढवून आणलेला साक्षीदार आहे!

तो पढवलेला नव्हता, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण एक गोष्ट त्या गदारोळात कोणी फारशी लक्षात घेतली नाही. इटलीचा उत्तर भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता. तिकडच्या फौजदारी चौकशीची रीत अशी की न्यायाधीश बंद दाराआड साक्षीदाराला प्रश्न विचारी, कारकून जबानी लिहून घेई, आणि तिच्यावरून पुढे निकाल होई. या खटल्यासाठीसुद्धा १८१८ साली मिलान शहरात एक आयोग बसवून साक्षीदारांच्या जबान्या आधी लिहूनच घेतल्या होत्या. भरसभेत, शेकडो उमरावांच्या समोर, विरुद्ध बाजूच्या वकिलाने उभे राहून एकेक उत्तर उसवायचे, हा इंग्रजी प्रकार त्या मुलखातल्या माणसाने कधी पाहिलेलाच नव्हता. दुभाष्याने शब्द उलथवले, पण उलटतपासणी म्हणजे काय हे त्याला कोणत्या शब्दाने सांगणार? अखेर नोव्हेंबरात विधेयक जेमतेम नऊ मतांनी, ९९ विरुद्ध १०८ अशा मतांनी, पुढे सरकले आणि सरकारने निमूटपणे ते मागे घेतले. राणीपद वाचले. बिचारे 'नोन मी रिकोर्दो' मात्र इंग्रजी भाषेत लबाडीचा पर्याय म्हणून कायमचे चिकटले.

न्यायाच्या रीती दोन तऱ्हेच्या आहेत, हे येथे थोडे समजून घ्यायला हवे. इंग्रजी रीत, जी आपल्याकडेही आली, ती कुस्तीच्या आखाड्यासारखी आहे. दोन बाजूंचे वकील झुंजतात, न्यायाधीश पंच म्हणून बसतो. इटली-फ्रान्सकडची जुनी रीत वैद्याच्या तपासणीसारखी. न्यायाधीशच रोग शोधायला निघतो, कागद जमवतो, माणसे बोलावतो. या दोन रीतींत सरावलेली माणसे निरनिराळी, म्हणून त्यांची नावेही निरनिराळी. इटलीत पूर्वी 'इस्त्रुत्तोरिआ' नावाचा एक टप्पा असे. त्यात तपास करणारा न्यायाधीश लेखी पुरावा गोळा करी. इंग्लंडमध्ये असा टप्पा नाही आणि असा न्यायाधीशही नाही. जो माणूसच नाही, त्याला हाक कोणत्या नावाने मारायची?

आणि जेथे शब्द सापडतो, तेथे तो बहुधा चकवा देतो. इटालियन आणि इंग्रजी या दोघींनीही लॅटिन आजीच्या पेटीतले दागिने वाटून घेतले आहेत; पण एकीने बांगडी म्हणून घातले ते दुसरीने साखळी म्हणून. 'कान्चेल्लिएरे' हा शब्द पाहून इंग्रजाला आपला चॅन्सेलर आठवतो, केवढा थोर अधिकारी! इटालियन कोर्टात तो असतो दप्तर सांभाळणारा कारकून, आपला शिरस्तेदार म्हणा. 'पुब्लिको मिनिस्तेरो' म्हणजे ना मंत्री ना पाद्री; तो फिर्यादीची बाजू चालवणारा सरकारी अधिकारी. 'प्रोकुरातोरे' तर त्याहून अवघड जागेचे दुखणे. सरकारी फिर्यादी पक्षाच्या त्या सन्मान्य प्रमुखाला इंग्रजीत जसेच्या तसे 'प्रोक्यूरर' म्हणावे, तर तो नको त्या धंद्यातला दलाल ठरतो! 'सेन्तेन्त्सा' म्हणजे निकाल. इंग्रजी 'सेन्टेन्स' म्हणजे शिक्षा. एखादा इटालियन माणूस निर्दोष सुटला तरी त्याच्या हाती 'सेन्तेन्त्सा'च पडते. तिचे भाषांतर आंधळेपणाने केले तर सुटलेला माणूस पुन्हा तुरुंगात!

सर्वांत फसवा शब्द 'माजिस्त्रातो'. आपल्याला मॅजिस्ट्रेट म्हटला की खालच्या फौजदारी कोर्टातला न्यायाधीश डोळ्यांपुढे येतो. इटलीत निवाडा करणारा न्यायाधीश आणि फिर्याद चालवणारा सरकारी अधिकारी हे दोघेही 'माजिस्त्राती' म्हणजे एकाच न्यायसेवेतले. इंग्रजी वर्तमानपत्र लिहिते, 'मॅजिस्ट्रेटांचे म्हणणे असे की हाच गुन्हेगार होय', आणि वाचकाला वाटते, निकाल लागला! वास्तविक ते म्हणणे फिर्यादी पक्षाचे असते.

ही झाली कागदावरची गंमत. पण एका बेटावर या गमतीचे राजकारण झाले आणि एक कर्नलसाहेब गजाआड गेले. ते बेट माल्टा. सिसिलीच्या दक्षिणेला असलेले हे चिमुकले बेट १५३० पासून १७९८ पर्यंत संत जॉनच्या सरदारांच्या ताब्यात होते. पुढे दोन वर्षे फ्रेंचांची झाली, १८०० साली इंग्रज आले, आणि १८१४ च्या पॅरिसच्या तहाने बेट रीतसर त्यांचे झाले. राज्य इंग्रजांचे, पण वकील, न्यायाधीश, दस्तऐवज सारे इटालियन. १८२९ साली इंग्रजांनी तेथे ज्युरीची चाल सुरू केली, तीही आधी थोड्या गुन्ह्यांपुरती. १८५४ साली एड्रियन डिंग्ली या माल्टीज कायदेपंडिताच्या हातून फौजदारी कायद्याची संहिता पुरी झाली. तिची बैठक नेपल्सच्या कायद्याची. तिचा मसुदा तपासायला दिला होता अँड्र्यू जेमसन या स्कॉटलंडच्या कायदेपंडिताकडे. इटालियन वस्त्र, त्याला विलायती ठिगळ. पण ते वस्त्र टिकले.

मग १८९८ साली कर्नल ह्यूसन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची साक्ष निघाली. साहेबांनी साक्ष इंग्रजीत दिली. कोर्टाच्या शिरस्त्याप्रमाणे ती इटालियनमध्ये उतरली गेली, आणि खाली सही करा म्हणून कागद पुढे आला. साहेबांनी इटालियन कागदावर सही करायला साफ नकार दिला. न्यायालयाने त्यांना बेअदबीबद्दल तुरुंगात धाडले. ज्या बेटावर साहेबांची आरमारे नांगर टाकून उभी, त्याच बेटावर साहेब कैदेत! लंडनला केवढी खळबळ उडाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन याने १८९९ साली हुकूम काढला की माल्टाबाहेरच्या ब्रिटिश प्रजाजनांचे कामकाज कोर्टात इंग्रजीत चालू शकेल. एवढेच नव्हे, तर पंधरा वर्षांनी कोर्टातून इटालियन पार जाईल अशी घोषणाही केली. बेटावर असा काही वणवा पेटला की १९०२ साली ती पंधरा वर्षांची धमकी त्याला मागे घ्यावी लागली.

वाचताना आपली सहानुभूती कोणाकडे जाते? माझी आधी कर्नलकडे गेली. जे वाचता येत नाही, त्यावर सही का करावी? मग ती माल्टीज वकिलांकडे गेली. परक्या सत्तेने कोर्टाची भाषा का बदलावी? आणि मग एकदम ध्यानात आले की या भांडणात तिसरा एक माणूस आहे आणि त्याच्याकडे कोणीच पाहत नाही. तो म्हणजे पिंजऱ्यात उभा असलेला माल्टीज कोळी किंवा शेतकरी. त्याची भाषा माल्टीज, म्हणजे अरबीच्या कुळातली, सिसिलीच्या शब्दांनी नटलेली. त्याला ना धड इंग्रजी येत होते, ना धड इटालियन. तो आपल्या बोलीत बोले, कारकून ते इटालियनमध्ये लिही, आणि वकील त्या इटालियनवर तासन्तास काथ्याकूट करीत. कर्नलने सही नाकारली, कारण नाकारण्याची हिंमत त्याच्या खांद्यावरच्या फितींत होती. त्या कोळ्याने अंगठा उठवला असेल, दुसरे काय?

१९३४ साली माल्टीज भाषा कोर्टाची भाषा झाली, आणि इटालियनची गादी गेली. आता जुने इटालियन कायदे एकीकडे माल्टीजमध्ये आणि दुसरीकडे इंग्रजीत आणणे भाग पडले. १९४२ च्या सुधारित आवृत्तीत ते तसे आले. या भाषांतरकारांचे मला कौतुक वाटते. इंग्लंडमधला चालू शब्द उचलून चिकटवण्याचा सोपा मार्ग त्यांनी पुष्कळ ठिकाणी टाळला. मोठा खटला उभा राहण्यापूर्वी मॅजिस्ट्रेटपुढे पुरावा गोळा करण्याचा जो टप्पा, त्याला इटालियनमध्ये 'कोंपिलात्सिओने' म्हणत. माल्टातल्या इंग्रजीत त्याला 'कंपायलेशन ऑफ एव्हिडन्स', म्हणजे पुराव्याचे संकलन, असेच म्हणतात. 'प्रोकुरातोरे लेगाले' या दुय्यम वकिलाला तेथे 'लीगल प्रोक्यूरेटर' म्हणतात. गुन्ह्याच्या जागी जाऊन मॅजिस्ट्रेटने करावयाच्या चौकशीला, आपल्याकडच्या पंचनाम्याची थोरली बहीणच ती, त्यांनी लॅटिनमधले 'इन जेनेरे' हे नाव तसेच राहू दिले. लंडनहून आलेला बॅरिस्टर हे शब्द ऐकून क्षणभर बुचकळ्यात पडेल. पडावाच! बुचकळ्यात पडलेला माणूस विचारतो, 'म्हणजे काय हो?' ओळखीचा शब्द ऐकलेला माणूस काहीच विचारत नाही आणि निःशंकपणे चुकतो.

यानंतर काळाने एक मौजेचा उलटा डाव टाकला. १९८९ च्या ऑक्टोबरात खुद्द इटलीत नवी फौजदारी प्रक्रिया-संहिता अमलात आली. तपास करणारा न्यायाधीश गेला, लेखी इस्त्रुत्तोरिआ गेली, आणि साक्षीदाराला दोन्ही बाजूंच्या वकिलांनी भर कोर्टात प्रश्न विचारण्याची पद्धत आली. मायोक्कीला जिने घाम फोडला, ती उलटतपासणी 'कोन्त्रोएसामे' हे नाव धारण करून इटलीत माहेरवाशिणीसारखी नांदू लागली. दूरचित्रवाणीवर अमेरिकन वकिलाच्या कथा पाहिलेले लोक तिला 'पेरी मेसनचा खटला' म्हणत. आता तरी दोन्ही भाषांची गाठ पडेल असे वाटले असेल. पण नव्या संहितेने नवे चकवे आणले. 'इन्चिदेन्ते प्रोबातोरिओ' हा कसला 'इन्सिडेंट' नव्हे. खटला सुरू होण्यापूर्वीच, पुरावा हातचा निसटू नये म्हणून, न्यायाधीशासमोर तो नोंदवून ठेवण्याची ती सोय आहे.

आणि १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पेरुजिया या टेकडीवरल्या शहरात एका ब्रिटिश विद्यार्थिनीचा खून झाला. तिच्याच घरात राहणाऱ्या अमांडा नॉक्स या वीस वर्षांच्या अमेरिकन मुलीला पोलिसांनी रात्रभर बसवून घेतले. तिच्या फोनमध्ये एका दुकानमालकाला, ज्याच्या बारमध्ये ती काम करी त्याला, पाठवलेला इटालियन निरोप होता. त्याचा शब्दशः अर्थ 'आपण नंतर भेटू, शुभ संध्याकाळ'. इंग्रजीत निरोप घेताना असे सहज म्हणतात; आपण नाही का 'येतो हं' म्हणून निघून जात! पोलिसांनी त्याचा अर्थ लावला, त्या रात्री भेट ठरली होती. त्या रात्रीच्या अखेरीस तिने त्या माणसाचे नाव घेतले. तो निर्दोष होता. तरी दोन आठवडे कोठडीत राहिला. आपल्या मुलुखापासून दूर पोटापाण्यासाठी आलेल्या त्या माणसाचे हे हाल मी विसरू शकत नाही, आणि कोणी विसरू नये.

पुढे शब्दांची आणखी फरफट झाली. खोटा आरोप केल्याबद्दल नॉक्सवर जो गुन्हा शाबीत झाला, त्याचे नाव 'कालून्निआ'. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला 'स्लँडर' म्हटले, म्हणजे तोंडी बदनामी. बदनामीसाठी इटालियनमध्ये वेगळाच शब्द आहे. कालून्निआ म्हणजे निरपराध माणसावर अधिकाऱ्यांपुढे जाणूनबुजून गुन्ह्याचा आळ घेणे. 'खोटा आळ घेणे' हा आपला मराठी शब्दप्रयोग इंग्रजीपेक्षा त्याच्या अधिक जवळ जातो. खुनाच्या आरोपातून ती २०११ मध्ये अपिलात सुटली. २०१३ मध्ये रोमच्या कास्सात्सिओने न्यायालयाने ती सुटका रद्द केली. २०१४ मध्ये पुन्हा दोषी. आणि मार्च २०१५ मध्ये त्याच कास्सात्सिओनेने तिला कायमचे सोडले. अमेरिकेत ओरड झाली की एकदा सुटलेल्या माणसावर पुन्हा खटला कसा? अमेरिकेत खालच्या कोर्टाने दिलेली सुटका अखेरची असते. इटलीत वरच्या न्यायालयांचे दरवाजे बंद झाल्याशिवाय ती अखेरची ठरत नाही. सुटकेविरुद्ध सरकारने अपील केल्याच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्याला यात नवल वाटणार नाही. 'कास्सारे' म्हणजे मोडणे; खालचा निकाल कायद्याच्या कसोटीवर मोडणारे ते न्यायालय. 'सुप्रीम कोर्ट' एवढेच लिहिले की हे मोडणे वाचकाच्या नजरेतून सुटते.

या प्रकरणात एक धडा दुभाष्यासाठीही आहे. नॉक्सने स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात इटलीविरुद्ध दाद मागितली. २४ जानेवारी २०१९ रोजी निकाल लागला. त्या रात्री तिला वकील मिळाला नाही, आणि जी दुभाषी बाई होती ती दुभाषी राहिलीच नाही, असे न्यायालयाने म्हटले. ती बाई पोलीस खात्यातलीच. तिने स्वतःच्या अपघाताची, स्मृती गेल्याची हकीकत सांगून मुलीला आठवायला लावले. आईसारखी वागली, मध्यस्थ झाली. हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? पण दोन भाषांच्या मध्ये उभे राहणाऱ्याने तिसरा आवाज काढायचा नसतो. या निकालानंतरही इटालियन न्यायालयांनी कालून्निआचा आरोप तिने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या एका कागदावरून पुन्हा तपासला आणि कायम केला. जानेवारी २०२५ मध्ये त्यावर शेवटचे शिक्कामोर्तब झाले. न्यायालयीन दुभाष्याचा हक्क आरोपीला असलाच पाहिजे, हे युरोपीय संघाने २०१० सालच्या एका निर्देशाने आधीच मान्य केले होते. कर्नल ह्यूसन १८९८ साली जे मागत होता आणि माल्टाच्या कोळ्याला जे मागताही आले नाही, तेच हे.

हा इतिहास वाचल्यापासून माझ्या वर्गातल्या फळ्याचे रूप थोडे बदलले आहे. मधली रेघ मी अजून ओढतो. मास्तराची सवय आहे ती. पण काही शब्दांसमोरची जागा मी मोकळी ठेवतो आणि मुलांना सांगतो, येथे एक शब्द लिहू नका, दोन ओळी लिहा. तो माणूस कोण, तो काय करतो, त्याच्या कोर्टात तो कोठे बसतो, ते लिहा. मुले कुरकुरतात. दोन ओळी पाठ करायला कंटाळा येतो. पण परवा त्यांतल्याच एकाने हात वर करून विचारले, "गुरुजी, पिंजऱ्यातल्या माणसाला त्या दोन ओळी कोण वाचून दाखवणार?"

मी त्याला जागेवर बसायला सांगितले नाही. तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला आणि त्या दिवशी तास सुटेपर्यंत पुसला नाही.